लहानग्याच्या हातातला गेम आणि त्याचे रडू : घरात करून पाहण्याजोगे उपाय

मालवण तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या वाडीत मी गेली अनेक वर्षे बालवाडी चालवते. मागच्या आषाढात पाऊस उघडीप देत नव्हता, म्हणून मुले पडवीत बसून नारळाच्या करवंट्यांची उतरंड रचत होती. साडेचार वर्षांच्या एका मुलाची उतरंड पाचव्या करवंटीला कोसळली. त्याचा खालचा ओठ पुढे आला, डोळे भरले, आणि रडू फुटण्याच्या आतच त्याने माझ्याकडे न पाहता उजवा तळहात पुढे पसरला. तो काय मागतो आहे हे मला क्षणभर कळले नाही; शेजारी बसलेल्या मुलीला मात्र लगेच कळले. "बाई, तेका मोबाईल व्हयो," ती म्हणाली.

त्या घरची परिस्थिती मला ठाऊक होती. आई काजूच्या कारखान्यात जाते, वडील मुंबईला असतात आणि दिवसभर मुलाला सांभाळणाऱ्या आजीचे गुडघे दुखतात. मूल रडले की तिने फुग्यांचा किंवा गाड्यांचा गेम लावून फोन हातात द्यायचा, मूल गप्प व्हायचे आणि आजीला चूल-भांडी उरकता यायची. यात कोणाचाही दुष्टपणा नाही, आळसही नाही. पण त्या मुलाने एक गोष्ट पक्की शिकून घेतली होती : आत काहीतरी दुखू लागले की हात पसरायचा. त्या दिवसापासून पालकांना "मूल किती वेळ गेम खेळते?" असे विचारण्याआधी मी "गेम कोणत्या वेळी हातात येतो?" असे विचारू लागले. पुढचे सगळे या दुसऱ्या प्रश्नाभोवती रचलेले आहे.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या ४२२ पालकांकडून माहिती घेऊन केलेला एक अभ्यास डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाला शांत करण्यासाठी वारंवार फोन किंवा टॅब देणे आणि पुढच्या काही महिन्यांत त्या मुलाचे भावनिक चढउतार वाढणे यांचा संबंध त्यात दिसला. मुलग्यांमध्ये आणि मुळातच उसळत्या स्वभावाच्या मुलांमध्ये हा संबंध अधिक ठळक होता. हे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. तापट मुलाला फोन जास्त दिला जातो आणि फोनमुळे तापटपणा वाढतो, अशी ती दुतर्फी वाट आहे. पण एवढे मात्र नक्की, की ज्या मुलाला शांत होण्याच्या सरावाची सर्वांत जास्त गरज असते, नेमका त्याचाच सराव फोनमुळे हुकतो.

आधी आठवडाभर फक्त नोंद

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका. भिंतीवरच्या दिनदर्शिकेशेजारी दोरीने पेन्सिल बांधून ठेवा आणि ज्या ज्या वेळी मुलाच्या हातात गेम जाईल, त्या त्या वेळी त्या तारखेच्या चौकोनात एकच अक्षर लिहा : रडत होते म्हणून दिला तर "र", जेवत नव्हते म्हणून दिला तर "ज", मोठ्या माणसाला काम होते म्हणून दिला तर "क", आणि ठरलेली खेळण्याची वेळ म्हणून दिला तर "ठ". ज्या आजींना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी चार वेगवेगळ्या रंगांचे खडू पुरतात. मिनिटे मोजायची असतील तर मोजा, पण अक्षर चुकवू नका. आमच्या वाडीतल्या पालकांनी हे करून पाहिले तेव्हा बहुतेक चौकोनांत "र" आणि "ज" यांचीच गर्दी झाली आणि "ठ" क्वचितच दिसला. अनेक आईवडिलांना आपण किती वेळा फोन दिला याचा खरोखरच अंदाज नव्हता, कारण दर वेळी तो पाच-दहा मिनिटांपुरताच दिलेला असतो.

पुढच्या आठवड्यांत आपल्याला एवढेच साधायचे आहे की "र" आणि "ज" कमी कमी होत जावेत आणि जो काही गेम उरेल तो "ठ" मध्ये यावा. एकाच दिवशी फोन कपाटात कुलूपबंद केला तर मूल चार दिवस आकांत करते, पाचव्या दिवशी घरातला कोणीतरी हरतो, आणि पाच दिवस रडले की फोन मिळतो असा नवा धडा मूल शिकते.

वेळ ठरवताना

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांनुसार दोन वर्षांच्या आत बसून स्क्रीन पाहणे नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर अधिक चांगले. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची, म्हणजे इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सची, शिफारसही दोन ते पाच वर्षांसाठी एका तासाचीच मर्यादा सांगते आणि तीही मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली. या तासात गेम, कार्टून आणि आजीच्या मांडीवर बसून पाहिलेली संध्याकाळची मालिका हे सगळे धरायचे आहे. मुंबईच्या बाबांशी होणारा व्हिडिओ कॉल मी यात धरत नाही, कारण तिथे समोरचा माणूस मुलाच्या बोलण्याला उत्तर देतो. गेम फक्त बोटाला उत्तर देतो.

आमच्याकडे जमलेली व्यवस्था अशी आहे : दुपारची झोप झाल्यावर वीस मिनिटे, ओटीवर, मोठ्या माणसाच्या शेजारी. बिछान्यात कधीच नाही, जेवताना कधीच नाही आणि रात्री झोपण्याआधीच्या तासात नाही. स्क्रीनच्या प्रखर उजेडामुळे झोप आणणारे मेलाटोनिन शरीरात उशिरा तयार होते आणि लहान मुलांवर हा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त होतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप हवी असते. ज्या मुलाच्या रागाची तक्रार घेऊन आई माझ्याकडे येते, ते मूल रात्री किती वाजता झोपते हे मी सर्वांत आधी विचारते, आणि अर्ध्याअधिक वेळा गाठ तिथेच सापडते.

गेम निवडण्याआधी तो स्वतः खेळा

मुलाला देण्याआधी तो गेम पंधरा मिनिटे स्वतः खेळून पाहा, आणि दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. पहिली म्हणजे, या खेळाला शेवट आहे का? जुळवाजुळवीचे चित्र पूर्ण झाले की डाव संपतो. पण सतत पळणाऱ्या माणसाचा किंवा न संपणाऱ्या फुग्यांचा खेळ मुद्दाम असा बांधलेला असतो की थांबण्याची जागाच सापडू नये. दुसरी म्हणजे, बक्षीस केव्हा मिळते? कधी तिसऱ्यांदा बोट लावल्यावर नाणे, कधी दहाव्यांदा लावल्यावर पेटी, अशी अनिश्चित बक्षिसे असतील तर तो गेम मोठ्या माणसालाही सोडवत नाही. मग ज्या मेंदूतला स्वतःला आवरणारा भाग पुरता घडायला अजून वीस वर्षे लागणार आहेत, त्या चार वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा कशी करायची? थांबता न येणे हा त्या वयात मुलाचा हट्टीपणा नसतो, हे घरातल्या प्रत्येकाने एकदा मनापासून समजून घ्यावे, कारण त्यानंतर आपला आवाज आपोआप खाली येतो.

फोनची तयारी थोडक्यात सांगते. खेळताना एअरप्लेन मोड लावला की बहुतेक जाहिराती थांबतात. अँड्रॉइड फोनमध्ये ॲप पिन करण्याची आणि आयफोनमध्ये गायडेड ॲक्सेसची सोय असते; ती लावली की मुलाला त्या एका खेळाबाहेर सहज जाता येत नाही. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारला जाईल अशी सेटिंग करावी, आणि यूपीआयचा पिन मुलासमोर टाकू नये. मुले आकडे ओळखत नसली तरी बोटांची जागा लक्षात ठेवतात.

थांबवण्याची वेळ

खरी परीक्षा इथे असते. "अजून पाच मिनिटे" या शब्दांना चार वर्षांच्या मुलाच्या लेखी काहीच अर्थ नसतो. त्याऐवजी त्याला दिसणारी किंवा ऐकू येणारी खूण द्यावी : "हा डाव पुरा झाला की", "कुकरची तिसरी शिट्टी झाली की". खूण झाली की फोन हातातून ओढून न घेता त्याच्याशेजारी बसावे, त्याच्या पाठीवर हात ठेवावा, "दाखव बघू, किती फुगे फोडलेस?" असे विचारावे आणि त्याचे लक्ष स्क्रीनवरून आपल्या चेहऱ्याकडे येईपर्यंत थांबावे. त्यानंतर फोन त्याच्याच हाताने ठरलेल्या फडताळात ठेवायला लावावा, आणि पुढचे काम तयार असावे : कोंबड्यांना तांदूळ टाकायचे, लसूण सोलायचा, तुळशीला पाणी घालायचे. हातात काहीच नसताना फोन गेला तर ती पोकळी मुलाला सोसवत नाही.

एवढे करूनही मूल रडेल, पहिले काही दिवस तर जमिनीवर लोळेल. अशा वेळी समजावून सांगण्याचा काहीही उपयोग होत नाही, कारण रागाच्या भरात मुलाला लांब वाक्ये ऐकूच जात नाहीत. मी जमिनीवर त्याच्या उंचीला बसते आणि त्याच्या घरच्या बोलीत दोनच वाक्ये बोलते : "तुका राग इलो मा? मी हंयच आसंय." बोली मुद्दाम वापरते, कारण दुःखाच्या वेळी मुलाला आईची भाषाच पोहोचते. ते मारू लागले तर हात हलकेच धरते, पण त्या वेळी फोन परत देत नाही, आणि "रडू नको" असेही म्हणत नाही. वादळ ओसरले की पाणी देते. त्याच दिवशी रात्री निवांतपणी "दुपारी तुझा हिरमोड झाला होता" असे एका वाक्यात सांगावे. राग, रुसवा, भीती, लाज, हिरमोड, कंटाळा हे शब्द मुलाकडे आले की हात पसरण्याऐवजी ते बोलू लागते. यात आठवडे जातात, क्वचित महिने जातात.

शांत होण्याची रीत मात्र शांत असतानाच शिकवावी लागते. बालवाडीत आम्ही "पेजेवर फुंकर" खेळतो. दोन्ही तळहात जोडून वाडगा करायचा, त्यात गरम पेज आहे असे मानायचे, नाकाने तिचा वास घ्यायचा आणि मग पेज सांडू नये अशा बेताने ओठांतून लांब, सावकाश फुंकर मारायची. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके खरोखरच मंदावतात. रोज सकाळी पाच फुंकरा मारलेल्या मुलाला ऐन रडण्याच्या वेळी नुसते तळहात जोडून दाखवले तरी पुरते. फुंकर नको असलेली मुलेही असतात. त्यांना पिठाचा गोळा तिंबायला द्यावा, बादलीत पाणी ओतायला द्यावे किंवा घट्ट मिठीत घ्यावे. आपले मूल कशाने निवते हे शोधणे हे आईवडिलांचे काम आहे.

जेवणाचा प्रश्न

"ज" ची सवय मोडणे सर्वांत कठीण जाते, कारण मूल उपाशी राहील ही भीती मोठ्यांनाच असते. गेम पाहत भरवले की मूल तोंड उघडते, पण भूक लागली आणि पोट भरले या शरीराच्या दोन्ही सूचना त्याच्या कानी पडत नाहीत. सुरुवात एकाच जेवणापासून करावी, शक्यतो सकाळच्या, कारण रात्रभराच्या उपासाने भूक खरी असते. ताटात चमचाभरच आटवल, म्हणजे मऊ भात, वाढावे, मुलाला आपल्या हाताने खाऊ द्यावे, सांडले तर सांडू द्यावे, घरातल्या एकाने तरी त्याच वेळी शेजारी बसून जेवावे, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी ताट न रागावता उचलावे. मधल्या वेळी बिस्किटांचा पुडा फोडू नये. पहिले दोन-तीन दिवस मूल कमी खाईल. निरोगी मुलाला याने अपाय होत नाही, पण मूल आधीच कमी वजनाचे किंवा आजारी असेल तर डॉक्टरांना विचारूनच हे करावे, आणि एरवीही अंगणवाडीत दर महिन्याला होणाऱ्या वजनाची नोंद पाहत राहावे.

घरातली मोठी माणसे

आजीला "तुम्ही फोन देऊन मुलाला बिघडवले" असे कोणी म्हणू नये. आजी त्या फोनच्या बळावर मुलाला विहिरीपासून, चुलीपासून आणि खाडीच्या पाण्यापासून लांब ठेवत असते, आणि त्या तिन्ही गोष्टी गेमपेक्षा कितीतरी धोक्याच्या आहेत. म्हणून तिच्याकडून फोन काढून घेण्याआधी दुसरी काहीतरी सोय तिच्या हाती द्यावी : ओटीला लाकडी फाटक बसवावे, तिच्या बसण्याच्या जागेजवळ खेळाची टोपली ठेवावी, शेजारच्या घरातले मूल रोज तासभर इकडे आणि दुसऱ्या दिवशी आपले मूल तिकडे असा पायंडा पाडावा. आमच्या वाडीत या शेवटच्या युक्तीने जेवढा फरक पडला तेवढा माझ्या कुठल्याही सांगण्याने पडला नाही.

मुंबईला असलेल्या बाबांनीही आपला वाटा उचलावा. कॉलवर "जेवलास काय?" एवढेच विचारण्याऐवजी त्यांनी तिकडे काड्या आणि इकडे मुलाने काड्या घेऊन एकच घर बांधावे. चतुर्थीला चाकरमानी आले की मुलाचे थोरले चुलतभाऊ फोन घेऊन येतात आणि महिनाभराची घडी दोन दिवसांत विस्कटते. त्यावर आरतीच्या वेळी आणि पंगतीला सगळ्यांचे फोन एका रोवळीत, मोठ्यांचेसुद्धा, हा नियम घरातल्या वडीलधाऱ्यानेच सांगितला तर चालतो. मोठ्यांचेसुद्धा हे मी जोर देऊन म्हणते. मूल काहीतरी दाखवायला येते, आपण स्क्रीनवरून नजर न उचलता "हं" म्हणतो, ते परत जाते. असे दिवसातून किती वेळा होते याची नोंद आपल्या दिनदर्शिकेत कोणी करत नाही.

पावसाचे चार महिने

उन्हाळ्यात पुळणीवर सोडलेल्या मुलाला गेम आठवत नाही. अडचण जून ते सप्टेंबरची असते. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून १८० मिनिटे हालचाल हवी, त्यातली ६० मिनिटे धावण्या-उड्या मारण्यासारखी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि पडवीत हे जमवायला कल्पकता लागते. याबाबतीत आपल्या किनाऱ्याला मोठा वारसा आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले आणि पुढे त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांच्यासह ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. विकतच्या महागड्या साधनांऐवजी परिसरातले शंख, शिंपले, बिया, पाने आणि माती यांतून मूल शिकू शकते हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले, आणि आजचा "अंगणवाडी" हा शब्दही त्यांच्याच कामातून आला.

आमच्या टोपलीत करवंट्या, मोठे शिंपले, माडाच्या झावळीच्या पात्या, जुन्या लुगड्याचा तुकडा आणि एक लहान सूप असते. पातीचे घड्याळ आणि चष्मा करायला आजीच शिकवतात आणि त्या वेळी त्यांचे गुडघे दुखत असल्याचे मी अजून ऐकलेले नाही. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला काजूबिया, सुपाऱ्या, गोट्या देऊ नयेत. त्या घशात अडकतात. पागोळ्यांखाली भांडी ठेवून आवाज ऐकणे, जुन्या चादरीचा झोपाळा, लंगडी, पाटावरून उड्या, यांत पाऊण तास सहज जातो. चिखलात खेळू द्यावे, मात्र पायाला जखम असताना शेतातल्या साचलेल्या पाण्यात उतरू देऊ नये, कारण लेप्टोस्पायरोसिसचे, म्हणजे दूषित पाण्यातून जखमेवाटे शिरणाऱ्या तापाचे, रुग्ण आपल्याकडे दर पावसाळ्यात आढळतात. खेळून आल्यावर साबणाने हातपाय धुवावेत.

आजारपणात सगळे नियम सैल होतात, आणि व्हावेत. तापाने फणफणलेल्या मुलाला थोडे कार्टून दाखवले म्हणून काही बिघडत नाही. ताप उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र ठरलेली वेळ पुन्हा सुरू करावी आणि मधल्या दिवसांबद्दल मुलाला बोल लावू नये.

मदत केव्हा मागावी

"गेमिंग डिसऑर्डर" हे निदान जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आहे आणि ती आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण त्यासाठी साधारण बारा महिने टिकलेली, रोजचे जगणे मोडून टाकणारी लक्षणे लागतात. चार वर्षांच्या मुलावर "व्यसनी" असा शिक्का घरात किंवा शाळेत कोणी मारू नये. उलट बाजूने, सगळेच फोनवर ढकलू नये. नावाने हाक मारल्यावर मूल वळून पाहत नसेल, दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडून बोलत नसेल, येत असलेले शब्द हरवले असतील, डोळ्याला डोळा देत नसेल, किंवा सहा-आठ आठवडे नेटाने प्रयत्न करूनही रोज तासन् तास रडणे, स्वतःला मारून घेणे, झोप उडणे चालू असेल, तर फोन बंद करून वाट पाहत बसू नये. आधी कान तपासून घ्यावेत आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते आणि वाढ-विकासातल्या अडचणी तपासून पुढे जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नये. आईचाच धीर सुटत असेल, मुलावर हात उठू लागला असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

डॉक्टरांकडे जाताना दिनदर्शिकेचे ते पान काढून सोबत न्यावे. "खूप फोन बघतो" या एका वाक्यापेक्षा चौकोनांतली "र" आणि "ज" ही अक्षरे, रात्री झोपण्याची वेळ आणि महिन्याचे वजन त्यांना जास्त काही सांगतात.